मागच्या खोलीचा सांधा

२१ जुलै

विहीणबाईंना नमस्कार.

पत्रास कारण क्षुल्लक आहे, म्हणूनच ते लिहायला मला इतका वेळ लागला. मोठ्या कारणांना शब्द आपोआप सुचतात.

आमच्या धाकटीचे तिच्या आईला पत्र आले. लग्नाला अजून तीन महिनेही झालेले नाहीत, त्यामुळे पत्रात बातमी कमी आणि 'सगळं छान आहे' जास्त, हे मी समजू शकतो. पण शेवटी एक ओळ होती : 'आमच्या खोलीचं दार लागत नाही. सासूबाई म्हणतात, राहू दे उघडंच, थंडीपर्यंत होईल ठीक.' हिने ती ओळ वाचली, चष्मा काढून ठेवला आणि मला म्हणाली, "बघा!" मी बघितले. मला दार दिसले. हिला त्यात आणखी बरेच काही दिसले, आणि ते आपल्याला कळवण्याचे काम माझ्याकडे आले, कारण घरात संस्कृत शिकलेला मी एकटाच. कठीण गोष्ट गोल करून सांगणे हा आमचा धंदाच, असा हिचा समज आहे.

तर गोल करून सांगतो. आमच्या काव्यांमध्ये नवपरिणितांचे वर्णन करताना कवी कशाचीही काटकसर करत नाही. चंद्र, कमळे, भुंगे, सगळे आणतो. पण दार तो हटकून लावून घेतो. आपण एकटीने मुलगा वाढवलात, शिवणकाम करून घर चालवलेत. अशा घरात दारे उघडी राहतात, कारण हाक ऐकू यायला हवी, हे मला समजते. तथापि आता घरात हाक मारणारी माणसे वाढली आहेत, आणि हाक न मारता बोलणारीही.

यात टीका नाही. असलीच तर ती आमच्या संस्कृतातल्या अर्थाची, म्हणजे नुसते स्पष्टीकरण.

संकोचलेला,
आपला व्याही


२९ जुलै

व्याहीबुवांना नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा काही कळलं नाही. दुसऱ्यांदा कळलं तोवर चहा गार झाला होता.

दार लागत नाही म्हणजे दार लागत नाही. चौकट वाकडी झाली आहे. सुताराला बोलावलं, त्याने रंधा मारून मारून दार इतकं कमी केलंय की आता आणखी मारला तर त्याची खिडकी होईल. तरी ते वरच्या कोपऱ्यात अडतंच.

आमचं घर दगडी आहे, पण उभं काळ्या मातीवर आहे. ही माती पावसात फुगते आणि उन्हात आक्रसते. तुमच्याकडे खाली खडक आणि तुम्ही चौथ्या मजल्यावर. जमीन म्हणजे जागच्या जागी बसून राहणारी वस्तू, असं तुम्हाला वाटणारच. आमच्याकडे पावसाळ्यात कुठलं ना कुठलं दार रुसून बसतं. थंडीत माती वाळते, दार समजुतीला येतं. म्हणून मी 'थंडीपर्यंत' म्हटलं. त्यात चंद्र नव्हता की कमळ नव्हतं.

त्या दारावर मी पडदा शिवून लावलाय. दुहेरी कापडाचा, अस्तरासकट. तिकडून जायचं झालं तर मी आधी खोकते. शिवणाचं मशीन पुढच्या खोलीत आहे आणि ते चालू असलं की मला शेजारचं लग्नसुद्धा ऐकू येत नाही. हे सगळं तुमच्या बाईंना सांगा आणि त्यांना चष्मा परत लावायला सांगा.

बाकी घर ठणठणीत. काळजी नसावी.

तुमची विहीण


१८ ऑगस्ट

विहीणबाईंना साष्टांग नमस्कार. (या वेळी खरोखरचा.)

हिने आपले पत्र वाचले, चष्मा लावला आणि एवढेच म्हणाली, "अस्तरासकट आहे म्हणे." म्हणजे आपण जिंकलात. आमच्या घरात याहून मोठे प्रशस्तिपत्र मिळत नाही; मला तर हेही मिळालेले नाही.

आता दुसरा विषय. जावईबापूंचे मला पत्र आले आहे. आपल्याला यातले बरेचसे ठाऊक असणारच, पण माझ्या बाजूने मांडतो. त्यांच्या इंजिनीअर मित्राने मागची खोली पाहिली. तो म्हणतो, भिंत कामातून गेली आहे. खोली पाडून नव्याने बांधा, नाहीतर जागा बदला. पाडण्याचा विषय आपल्यापुढे काढणे शक्य नाही, असे जावईबापू लिहितात, म्हणून दोघे कचेरीजवळ भाड्याची जागा पाहत आहेत. एक पसंतही पडली आहे. पत्राच्या तळाशी धाकटीच्या अक्षरात : 'बाबा, तुमचं मत कळवा. तुम्ही म्हणाल तसं.'

शाळेत इतकी वर्षे शिकवतो आहे, पण परीक्षेच्या वेळापत्रकाबद्दलसुद्धा कुणी माझे मत विचारलेले नाही. आणि आता विचारले, तर ते मातीबद्दल. म्हणून आपल्याला सरळ विचारतो : भिंतीला भेग आहे का?

विचारण्याचे कारण असे. लग्न ठरवायला आम्ही दुसऱ्यांदा आपल्याकडे आलो, तेव्हा मी मागच्या खोलीत भिंतीला टेकून बराच वेळ बोलत होतो. परतीच्या गाडीत हिने माझ्या कोटाचे कोपर दाखवले. पिस्ता रंग, ओला. पाहुणे यायचे म्हणून खोली रंगवली, किती हा पाहुणचार, असे मी तेव्हा म्हणालो. पण आता आठवते की रंग एकाच भिंतीला होता, तोही उभ्या पट्ट्यासारखा.

आपला,
कोट अजूनही तसाच असलेला व्याही


२४ ऑगस्ट

व्याहीबुवा,

मला यातलं काही ठाऊक नव्हतं.

माझा मुलगा जागा बघतोय हे मला तुमच्या पत्रातून कळलं. पत्र आलं त्या दिवशी तो समोर बसून जेवला. "मीठ कमी आहे," म्हणाला. मी म्हटलं, "आणखी काही?" म्हणाला, "नाही, बाकी ठीक."

तुमच्यावर राग नाही. तुम्ही निदान कागदावर तरी लिहिलंत.

आता भेग. होती आणि आहे. पुढचं घर सासऱ्यांनी बांधलं. त्याचा पाया काळी माती खणून खाली मुरुमापर्यंत नेलाय, म्हणून ते हलत नाही. मागची खोली यांनी वाढवली, मुलगा झाला तेव्हा. पाऊस तोंडावर होता, पाया उथळच राहिला. पण यांची हौस अशी की जुनं-नवं कळता कामा नये. गवंड्याला म्हणाले, "असं बांध की एकच घर वाटलं पाहिजे." गवंड्याने जुन्या भिंतीतले दगड काढले आणि तिथे लांब दगड घुसवले, एक टोक जुन्यात, एक टोक नव्यात. एखाद्याच्या बोटांत बोटं अडकवावीत तसे. त्यावर हे खूश. पण माती खूश नव्हती. दर उन्हाळ्यात मागची खोली जरा खाली बसते आणि सांध्यावर भेग पडते. पावसात माती फुगते, खोली वर येते, भेग मिटते. आम्ही तिच्या वाटेला जात नव्हतो. उन्हाळ्यात तिथे कॅलेंडर लावायचं, पावसाळ्यात काढायचं. हे गेल्यावरही मी तेच करत होते.

मग तुम्ही आलात. पहिल्याच भेटीत, चहा घेताना म्हणालात, "भेगेच्या घरात मुलगी देऊ नये, असे शास्त्र आहे." सगळे हसले. मी उठून कॅलेंडर नीट केलं.

तुम्ही परत यायच्या आधी मी ओळंब्याला बोलावलं. ओळंबा म्हणजे तोच गवंडी. भिंत सरळ आहे का ते बघायच्या ओळंब्याच्या दोरीसारखा ताठ चालतो म्हणून त्याला गावभर ओळंबा म्हणतात, आणि ते ऐकून तो आणखी ताठ होतो. भर उन्हाळा, भेग पूर्ण उघडलेली. तीत त्याने ठासून सिमेंट भरलं. वरून रंग. बाकीचं तुमच्या कोटाला माहीत आहे.

आता यंदा पाऊस पडला, खोली वर यायला निघाली, आणि मिटायला भेगच नाही. सिमेंट वाटेत आडवं आलेलं. मग सगळा जोर दाराच्या माथ्यावर गेला आणि चौकट वाकली. तुमच्या शास्त्राने माझं दार वाकडं केलंय व्याहीबुवा.

एक शब्द द्या. माती सुकेपर्यंत मुलीला मत कळवू नका. ती तुमचं ऐकून जाईल, आणि तिच्यामागे तो. मग घर ठणठणीत राहील आणि त्यात मी एकटी. मला कपडे शिवायला एवढ्या भिंती लागत नाहीत.

विहीण


२ सप्टेंबर

विहीणबाईंना नमस्कार.

आपल्या घरची बातमी आपल्याला माझ्याकडून कळावी, याची मला फार लाज वाटली. ही म्हणाली, "तुम्हाला गोल करून सांगता येतं म्हणे!" 

शास्त्राबद्दल. असे शास्त्र नाही. ते वाक्य मी चहाचा कप हातात असताना तयार केले होते. आमच्या विषयात ही एक सोय आहे. वाक्याच्या शेवटी 'असे शास्त्र आहे' म्हटले की कुणी पान विचारत नाही. ते वाक्य ऐकून कुणी सिमेंट कालवील, अशी मला कल्पना नव्हती. आजवर माझ्या बोलण्याने कुणाच्या घरची वीटही हललेली नाही.

शब्द दिला. धाकटीला कळवले आहे की विषय गहन आहे, अभ्यास चालू आहे, घाई करू नये. जावईबापूंना वेगळे पत्र लिहिले. त्यात एकच वाक्य : 'जे मला सांगितलेत ते आईला सांगा, कारण मी सांगून बसलो आहे.'

अभ्यास मात्र खरोखर चालू आहे. वास्तूवरच्या जुन्या ग्रंथांत जमिनीची परीक्षा दिली आहे, आणि ही मी तयार केलेली नाही. खड्डा खणावा आणि निघालेली माती त्याच खड्ड्यात परत भरावी. माती उरली तर जमीन उत्तम, बरोबर भरली तर मध्यम, कमी पडली तर तिथे घर बांधू नये. आपल्या ओळंब्याकडून ही परीक्षा करवून घ्यावी आणि निकाल कळवावा. काही नाही तर धाकटीला कळवायला मजकूर होईल.

आपला,
यापुढे चहा घेताना गप्प बसणारा व्याही


७ डिसेंबर

व्याहीबुवांना नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. माती सुकायची वाट बघत होते.

आधी तुमची परीक्षा. ओळंब्याला वाचून दाखवली. त्याने विचारलं, "खड्डा कुठल्या महिन्यात खणायचा?" मी म्हटलं, ते लिहिलेलं नाही. तो म्हणाला, "मग तुमच्या व्याह्यांना सांगा, भिजल्या मातीचा खड्डा परत भरला तर ढीग उरतो, आणि सुकल्यावर बघावं तर त्याच जागी खड्डा. पावसाळ्यात आमची जमीन उत्तम, उन्हाळ्यात घर बांधू नये अशी. ग्रंथ लिहिणारा कुठल्या गावचा?"

आता मुद्द्याचं. तुमचं पत्र मिळाल्यावर मुलगा माझ्यासमोर येऊन बसला, सगळं बोलला. मी ऐकलं. मग त्याच्या इंजिनीअर मित्राला म्हटलं, तू भिंत एकदा बघून निकाल दिलास, आता जरा राहून बघ. पोरगा तसा बरा आहे. त्याने सांध्यावर काचेच्या पट्ट्या आडव्या चिकटवल्या. दोन बाजू वेगळ्या हलल्या की काच तडकते. पाऊस ओसरला, माती सुकत गेली, आणि एकेक पट्टी तडकली. मग तो म्हणाला, "काकू, मी चुकलो. खोली पाडायची गरज नाही. दोन्ही बांधकामं आपापल्या जागी चांगली आहेत. त्यांना एकत्र बांधलंय, तेवढंच वाईट आहे. वरपासून खालपर्यंत सांधा कापून मोकळा करा. पुढचं घर स्थिर राहील, मागची खोली तिला हवी तशी खाली-वर होईल."

ओळंबा तिथेच उभा. म्हणाला, "साहेब, ते दगड मी बसवलेत. बाहेर काढायला नाही बसवलेले."

"म्हणूनच तर चौकट वाकली, मिस्त्री."

"चौकट सुताराने बसवली."

"आणि सिमेंट?"

"सिमेंट बाईंनी भरायला सांगितलं. बाईंना शास्त्राने सांगितलं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, कापायचं नाही. यांना एकच घर हवं होतं, ते मी करवतीने दोन करणार नाही. मुलगा म्हणाला, "आई, मग आम्ही जातो." ओरडला नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी तुमच्या लेकीला विचारलं, "तुलाही जायचंय?" भाजी निवडत होती. म्हणाली, "दाराचं मला काही नाही हो, आई. तुम्ही खोकता ना, त्याचं होतं. दिवसभर वाटत राहतं, आता खोकतील, आता खोकतील."

मी म्हटलं, "मग न खोकता येत जाऊ?"

"नको!" इतक्या जोरात म्हणाली की आम्ही दोघी हसलो. पण तिचं हसू माझ्याआधी थांबलं.

तेव्हा आता मागणं असं. तुम्ही दिलेला शब्द पाळलात. आता तो मोडा, आणि मुलीला लिहा की राहा. तुमच्या शब्दाबाहेर ती नाही. सांधा राहील, माणसंही राहतील. दाराचं मी बघते.

तुमची विहीण


१६ डिसेंबर

विहीणबाईंना नमस्कार.

आपण आजवर माझ्याकडे काही मागितले नव्हते. मागितले ते नेमके न देण्यासारखे.

मी 'राहा' असे लिहिले तर धाकटी राहील. तोंडातून शब्द काढणार नाही. हसेल, भाजी निवडेल, पत्रात 'सगळं छान आहे' लिहील. आपल्याला वाटेल, झाले. मलाही वाटेल. भेग अगदी उघडी असताना ठासून भरली की पुढे काय होते, ते मला आपणच शिकवलेत. तेही इतके नीट की आता विसरता येत नाही. तो जोर नंतर कुठल्या चौकटीवर निघेल हे मला ठाऊक नाही, आणि ते पाहण्याची माझी इच्छा नाही.

यावर आता एखादे रूपक मांडावे, असा मोह होतो आहे. मी तो आवरतो. भिंत ही भिंतच आहे. तिच्याबद्दल इंजिनीअरसाहेब म्हणतात ते मला पटते, आणि मत असे काही मला द्यायचेच असेल तर ते भिंतीपुरते देतो : कापावी.

राहिली आपल्या यजमानांची इच्छा. मी त्यांना पाहिलेले नाही. पण मूल जन्माला आले म्हणून पाऊस तोंडावर असताना खोली बांधायला काढणारा माणूस मला थोडा कळतो. त्यांना एक घर हवे होते ते कुणासाठी, याचे उत्तर आपल्याला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे.

धाकटीला मी काहीच लिहीत नाही. राहा असे नाही, जा असेही नाही. हे न लिहिणे मला जड जाते आहे. ही पाहते आहे आणि चहा करून देते आहे.

आपला व्याही


३० मे

व्याहीबुवा,

तुमच्या पत्राला उत्तर द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. बरेच महिने पाळलंही. पण आज काम झालं आणि सांगावं असं दुसरं कुणी आठवेना.

सांधा कापला. 'एक घर कुणासाठी' हा तुमचा प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना.

आधी छताला टेकू दिले. ओळंबा पहिल्या दिवशी आलाच नाही. इंजिनीअरने दुसरा गवंडी आणला. त्याने छिन्नी लावली तो ओळंबा दारात हजर. म्हणाला, "हात काढ. ते दगड कुठे संपतात हे तुला काय माहीत?" मग त्याने कुणाला हात लावू दिला नाही. पहिलं सिमेंट फोडलं, शिव्या देत. सिमेंट त्यानेच भरलं होतं, तेव्हा शिव्या कुणाला होत्या कळलं नाही. मी जरा बाजूला उभी राहिले. मग लांब दगड एकेक करून कापले. काही मधूनच तडकलेले निघाले. कधीचे तुटलेले असतील, आम्हाला बाहेरून पत्ता नाही. एक मात्र अख्खा निघाला. तो त्याने पाण्याने धुतला, उलटून-पालटून पाहिला आणि पायरीशी ठेवून दिला. म्हणाला, "हा चांगला बसला होता."

वरपासून खालपर्यंत फट मोकळी झाली तेव्हा मी मशीनवर होते. मशीनच्या पट्ट्यावर अंगणातला उजेड पडला, दोऱ्याएवढा. यांचं घर यांच्यामागे मी उसवलं, असं मला वाटेल अशी माझी तयारी होती. तसं वाटलं नाही. वाटलं, हे मला कुणी सांगायला का लागावं? अंगाला बाही घट्ट जोडली आणि माणसाने हात वर केला की काखेत उसवतं. शिवण कितीही पक्की घाला, तिच्या शेजारचं कापड फाटतं. म्हणून तिथे माया, म्हणजे थोडं जास्तीचं कापड, सोडावी लागते. हे मी रोज लोकांसाठी करते.

फटीत डांबरात भिजवलेला दोर भरला. वरून पत्र्याची पट्टी, पण ती एकाच बाजूला ठोकायची. दुसऱ्या बाजूला नुसती टेकवायची, म्हणजे भिंत तिच्याखालून सरकू शकते. मधलं दार काढून भिंत चिणून घेतली. मागच्या खोलीला अंगणाच्या बाजूने स्वतंत्र दार काढलं.

आणि त्या खोलीत मी राहायला गेले. मशीन, कपाट, सगळं घेऊन. पुढचं घर दोघांना दिलं. मुलगा म्हणाला, "आई, हलणारी खोली तू घेतेस आणि पक्कं घर आम्हाला? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "ही खोली तुझ्यासाठी बांधली होती. तू वाढलास, आता ती मला होते." तुमच्या लेकीने माझी उशी उचलून आणून दिली, आणि ठेवताना दोनदा झटकली.

भाड्याची जागा त्यांनी अजून हातची सोडलेली नाही. "एक पावसाळा बघतो," म्हणाले. हे मला या वेळी तोंडावर सांगितलं.

विहीण


१४ जून

विहीणबाईंना नमस्कार.

आपले पत्र हिला मोठ्याने वाचून दाखवले. उशीपाशी आल्यावर मी थांबलो, आणि पुढचे हिने स्वतः वाचले.

पोच तेवढी देतो. पोचले.

आपला व्याही


२० सप्टेंबर

व्याहीबुवांना नमस्कार.

पाऊस चांगला झाला. मागची खोली वर आली. पत्रा भिंतीवर सरकल्याचा ओरखडा दिसतो. पुढचं घर जागच्या जागी. इंजिनीअरने पुढच्या भिंतीवर नव्या काचा लावल्या होत्या, त्या अखंड आहेत. ओळंबा येऊन बघून गेला आणि आता गावभर सांगत फिरतो की अशा मातीत सांधा मोकळाच ठेवायचा असतो, तो आधीपासून हेच म्हणत होता.

माझ्या खोलीची फरशी एका कोपऱ्याकडे उतरती झाली आहे. रीळ पडलं की कुठे शोधायचं ते ठरलेलं, त्यामुळे उलट सोय झाली.

पावसाळा संपला. भाड्याच्या जागेचं ते दोघं काही बोलत नाहीत. मी विचारत नाही. सकाळी अंगणात भेट होते, तेव्हा पाणी आलं का, दूध आलं का, एवढंच. पुढच्या घरातून हल्ली दोघांचे चढलेले आवाज येतात. भिंत आता वेगळी असल्याने शब्द कळत नाहीत. आवाज कसला असेल या विचाराने परवा एका बाईच्या ब्लाउजला मी दोन डाव्या बाह्या जोडल्या.

तुम्हाला पत्र येतं का? हे विचारणं नाही. नुसतं लिहिलं.

तुमची विहीण


२ ऑक्टोबर

विहीणबाईंना नमस्कार.

आपण विचारले नाहीत, म्हणून मीही सांगत नाही. नुसते लिहितो.

धाकटीचे पत्र आले आहे. पाठपोट लिहिलेले, शेवटी समासात आडवे वळलेले. 'सगळं छान आहे' कुठेही नाही. भाड्याच्या जागेचा उल्लेख नाही. आपला उल्लेख एकदाच, तोही ओझरता : 'सासूबाई अंगणात असतात, त्यांना ऐकू जाईल म्हणून हळू भांडावं लागतं, ते मला जमत नाही.' बाकी संपूर्ण पत्र स्वयंपाकघरातल्या ओट्यावर आहे. तो जावईबापूंच्या आजींच्या उंचीचा आहे म्हणे. तिला तो फोडून वीतभर उंच करून हवा. जावईबापूंचे म्हणणे, आत्ताच एवढी तोडफोड झाली, आता लगेच ओट्याला हात लावायला नको. यावर तिने त्यांना काय काय ऐकवले ते तिने क्रमवार दिले आहे. मी तिला वाद घालायला शिकवले होते, पण इतके नव्हे.

हे पत्र हिने वाचले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "विहीणबाईंना कळवू नका," म्हणाली. "एकदा कळवलंत, तेवढं पुरे. पोरं सांगतील आपणहून." मी हो म्हणालो आणि हे लिहायला बसलो. तेव्हा आपल्याला काहीच ठाऊक नाही, असे आपण दाखवावे.

माझे स्वतःचे मत यात काही नाही. धाकटीच्या पत्रातले फक्त शेवटचे वाक्य, जसेच्या तसे, खाली उतरवून देतो.

'बाबा, तुम्हीच सांगा, आयुष्यभर काय मी त्या ओट्याशी वाकून स्वयंपाक करायचा?'

आपला व्याही